जोडी फुटली तेव्हा: एका टॅग टीम मल्लाचं प्रकरण

या प्रकरणातल्या मल्लाचं नाव मी दिलेलं नाही. तो, त्याचे दोन जोडीदार आणि त्यांचा मॅनेजर यांना भूमिकेनेच ओळखू या: गडी, पहिला जोडीदार, दुसरा जोडीदार, मॅनेजर. अमेरिकी कुस्ती पाहत वाढलेला वाचक त्यांना दोन-तीन परिच्छेदांत ओळखेल, त्याला इलाज नाही. पण नाव आलं की आपण चाहते होतो, आठवणींत शिरतो. मला इथे त्याच्यापुढे आलेले पेच आणि त्याने घेतलेले निर्णय बघायचे आहेत. कंपन्या, गावं, तारखा आणि प्रतिस्पर्धी आहेत तसेच ठेवले आहेत.

प्रसंग मुख्यतः एकच. ऑक्टोबर 1990 मध्ये गड्याचा जोडीदार आणि मॅनेजर एकाच वेळी कंपनी सोडून गेले. गडी तेव्हा बत्तीस वर्षांचा होता. रिंगमध्ये चौदा वर्षं झाली होती, आणि त्यातली गाजलेली वर्षं जवळजवळ सगळी जोडीतली. जायचं की राहायचं, हे त्याला ठरवायचं होतं.

पार्श्वभूमी

गडी अलाबामा राज्यातल्या हंट्सव्हिलचा. 1976 मध्ये, अठरावं पूर्ण होण्याआधीच, तो रिंगमध्ये उतरला. त्या काळी अमेरिकाभर चालणारी एकच मोठी कंपनी नव्हती. 1948 मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल रेसलिंग अलायन्सच्या, म्हणजे एनडब्ल्यूएच्या, छत्राखाली देश इलाख्यांत वाटलेला होता. नॅशव्हिलकडे निक गुलास, मेम्फिसला जेरी जॅरेट, ओक्लाहोमा-लुइझियानाच्या पट्ट्यात बिल वॉट्स. प्रत्येक प्रमोटरची ठरलेली गावं आणि आपला टीव्ही कार्यक्रम. मल्ल मात्र फिरता. एका इलाख्यात काही महिने, फार तर वर्ष-दोन वर्षं काढायची, लोकांना चेहरा जुना झाला की सामान गाडीत टाकायचं आणि पुढचा इलाखा गाठायचा. आपल्याकडे जत्रांच्या हंगामात पैलवान एका फडावरून दुसऱ्या फडावर जातो, तसंच काहीसं, फक्त हंगाम बारमाही. मोबदला बहुतेक ठिकाणी गल्ल्यावर. लोक आले तर पैसे.

निकाल आधी ठरलेला असतो, हे एकदा सांगून मोकळा होतो. आपल्याकडे 'नुरा कुस्ती' हा शब्द शिवीसारखा येतो, आणि तो बरोबरच आहे, कारण निकाली कुस्ती बघायला आलेल्या माणसाची तिथे फसवणूक होते. व्यावसायिक कुस्तीत निकाल ठरवणं हाच धंद्याचा पाया आहे. कसब लागतं ते समोरच्याला इजा न करता पाडण्यात, आपण मोडलो असं वाटावं इतकं पडण्यात, आणि हजारो लोकांना पोटातून ओरडायला लावण्यात.

टॅग टीमची, म्हणजे दोघांविरुद्ध दोघांची कुस्ती या कसबाची वेगळीच परीक्षा घेते. जोडीतला एकच आत लढतो; त्याने कोपऱ्यातल्या जोडीदाराच्या हाताला हात लावला, म्हणजे टॅग केला, की जोडीदार आत येतो. खलनायक जोडी रिंगचा अर्धा भाग तोडून घेते. नायक जोडीतला एकजण त्यांच्या कोपऱ्यात अडकतो, मार खातो, सरपटत आपल्या जोडीदाराकडे हात लांबवतो, आणि बोटभर अंतर उरलेलं असताना त्याला पाय धरून मागे ओढलं जातं. असं दोनदा, तीनदा होतं. एकदा हात लागतोही, पण रेफरीची पाठ असल्याने तो टॅग धरला जात नाही, आणि लोक खुर्च्यांवर उभे राहतात. शेवटी खरा टॅग होतो तेव्हा प्रेक्षागृहात जो स्फोट होतो, त्याच्यासाठीच तिकीट काढलेलं असतं. त्या स्फोटाचं श्रेय मिळतं आत येणाऱ्या नायकाला. तो स्फोट बांधलेला असतो खलनायकांनी: केव्हा ओढायचं, किती वेळ दाबून धरायचं, आत आलेल्या नायकाच्या पहिल्या ठोशाला किती उंच उडायचं, हे सगळं त्यांच्या हातात.

गड्याची ताकद नेमकी इथे होती. त्याचा उजव्या हाताचा ठोसा व्यवसायातले लोक आजही उदाहरण म्हणून सांगतात. वरच्या दोरावर चढून, अंग झोकून देऊन तो समोरच्याच्या छातीवर पाय टाकायचा. 'अलाबामा जॅम' नावाचा हा त्याचा हुकमी डाव. पण मला त्याच्या कुस्त्या पुन्हा पुन्हा बघाव्याशा वाटतात त्या तो मार कसा खातो यासाठी. समोरचा कितीही कच्चा असो, गड्यासमोर तो पट्टीचा दिसतो. चांगल्या तबलजीबरोबर नवखा गायकही सुरात वाटावा, तशी ही साथसंगत.

एक उणीव होती. गडी बोलायचा नाही. मायक्रोफोन हातात घेऊन समोरच्याला आव्हान देणं, तिकिटं खपतील असं भांडण उभं करणं, हे त्याच्या स्वभावातच नव्हतं.

ती उणीव 1983 मध्ये भरून निघाली. जॅरेट आणि वॉट्स यांच्यात मल्लांची देवाणघेवाण झाली, आणि मेम्फिसहून वॉट्सच्या मिड-साउथ कंपनीत गेलेल्यांत गडी होता. तिथे त्याची जोड लावली गेली ती पहिल्या जोडीदाराशी. सोबत मॅनेजर म्हणून विशीतला एक पोरगा: हातात टेनिसची रॅकेट, तोंडाला अखंड धार, श्रीमंत आईचा लाडावलेला मुलगा अशी बतावणी. पहिला जोडीदार संथ, राकट, अनुभवी. गडी उडणारा, झेलणारा. मॅनेजर बोलणारा. तिघांत मिळून एक पूर्ण मल्ल होता असं मी म्हणेन. आधीच निवृत्त झालेला वॉट्स एप्रिल 1984 मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये स्वतः त्यांच्याविरुद्ध पुन्हा रिंगमध्ये उतरला, इतका लोकांचा राग या तिघांनी ओढवून घेतला होता. रिकी मॉर्टन आणि रॉबर्ट गिब्सन या नायक जोडीबरोबरचं त्यांचं वैर तर पुढच्या सगळ्या टॅग टीमांसाठी पाठ्यपुस्तक झालं.

पुढे डॅलस, आणि 1985 मध्ये कॅरोलायनातली जिम क्रॉकेट प्रमोशन्स. 2 फेब्रुवारी 1986 रोजी अटलांटात याच मॉर्टन-गिब्सनला हरवून त्यांनी एनडब्ल्यूएचा जागतिक टॅग टीम किताब घेतला.

पहिली फूट, 1987

मुख्य पेचाआधी ही छोटी तालीम झाली होती. मार्च 1987 मध्ये पहिला जोडीदार अचानक निघून गेला. निरोप नाही, सूचना नाही.

तेव्हा गडी आणि मॅनेजर यांनी नाव टिकवलं आणि रिकाम्या जागी नवा माणूस आणला. दुसरा जोडीदार दिसायला देखणा, कराटेच्या लाथा मारणारा, स्वतः थोडंफार बोलू शकणारा. जुन्या जोडीत राकटपणा होता, नव्या जोडीत वेग आला. बऱ्याच जोड्या अशा वेळी गेलेल्या माणसाची नक्कल करणारा शोधतात. यांनी वेगळ्या घडणीचा माणूस घेतला आणि कुस्तीची चाल त्याच्यानुसार बदलली. माझ्या मते या सगळ्या कारकिर्दीतला हा सर्वांत शहाणा निर्णय. 10 सप्टेंबर 1988 रोजी फिलाडेल्फियात त्यांनी आर्न अँडरसन आणि टली ब्लँचर्ड यांच्याकडून जागतिक किताब घेतला. तेव्हा युनायटेड स्टेट्स टॅग टीम किताबही त्यांच्याचकडे होता.

त्या विजयाला एक बारीक किनार आहे. अँडरसन आणि ब्लँचर्ड कंपनी सोडून न्यूयॉर्कच्या बाजूला, डब्ल्यूडब्ल्यूएफ या प्रतिस्पर्धी कंपनीला निघाले होते, म्हणून किताबाचे पट्टे उतरवून कोणाकडे तरी द्यायचे होते. दीड महिन्यात, 29 ऑक्टोबरला, ते पट्टे रोड वॉरियर्स या जोडीकडे गेले. फिरत्या कारागिराला मोठी संधी अनेकदा अशीच येते, दुसऱ्याच्या जाण्याने. ती किती दिवसांची, हे त्याच्या हातात नसतं.

पेच

नोव्हेंबर 1988 मध्ये कर्जात बुडालेली क्रॉकेटची कंपनी टीव्ही उद्योजक टेड टर्नरने विकत घेतली आणि वर्ल्ड चॅम्पियनशिप रेसलिंग, म्हणजे डब्ल्यूसीडब्ल्यू, उभी राहिली. मल्लांच्या दृष्टीने मोठा बदल झाला तो पैशात. गल्ल्यावरच्या वाट्याऐवजी आता वर्षाचं हमीचं मानधन असलेले करार आले. दुसरा बदल माणसांत. टीव्ही आणि इतर धंद्यांतून आलेले अधिकारी वर बसले, आणि कुस्ती कशी रचायची यावरून त्यांचे जुन्या लोकांशी रोज खटके उडू लागले. मॅनेजर तोंडाचा फटकळ, त्यामुळे त्याचे सर्वांत जास्त.

जोडीचं काम मात्र उतरलेलं नव्हतं. 7 जुलै 1990 रोजी बाल्टिमोरला सदर्न बॉइज या जोडीविरुद्धची त्यांची कुस्ती पाहा. टॅग टीमची कुस्ती म्हणजे काय हे एखाद्याला समजावायचं असेल तर मी तीच लावतो. पण त्यांच्याकडचा युनायटेड स्टेट्स टॅग टीम किताब ऑगस्टमध्ये स्टायनर बंधूंकडे गेला, जोडीला दुय्यम जागा मिळू लागली, आणि 27 ऑक्टोबर 1990 रोजी शिकागोत मॉर्टन आणि टॉमी रिच यांच्याकडून हरल्यावर मॅनेजर आणि दुसरा जोडीदार बाहेर पडले.

1987 आणि 1990 यांत फरक आहे, आणि प्रकरणाची किल्ली त्या फरकात आहे. पहिल्या वेळी तिघांतला एक गेला. नाव, आवाज आणि रचना उरली. दुसऱ्या वेळी तिघांतले दोघे गेले. जो उरला तो बोलत नव्हता.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे पोरं डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते खेळायची. मीही खेळलो. उंची, वजन, छाती, दंड, रँक अशा रकान्यांवर डाव लागायचा. समोरच्याला किती उत्तम दिसू देतो, जोडीदाराची चूक किती बेमालूम झाकतो, यासाठी त्या पत्त्यावर रकाना नव्हता. तो कंपनीच्या हिशेबातही नव्हता. अशा माणसाचा साथीदार गेला की त्याची किंमत करायची कशी, हे कोणालाच उमगत नाही. बैलजोडीतला एक गेला की राहिलेल्याचं बाजारात जे होतं तेच.

समोरचे पर्याय

सगळ्यात सरळ पर्याय होता दोघांबरोबर निघून जाण्याचा. निष्ठेच्या हिशेबात तो उजवा. पण जायचं कुठे? डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये तेव्हा टॅग टीमांची गर्दी होती: हार्ट फाउंडेशनकडे किताब, लीजन ऑफ डूम नुकतेच आलेले, रॉकर्स, डिमॉलिशन. शिवाय तिथे धिप्पाड देहांना भाव, आणि गडी मध्यम बांध्याचा. जुने इलाखे एकेक करून बंद पडले होते. मेम्फिसमध्ये कुस्ती चालू होती, पण तिथलं उत्पन्न हमीच्या करारापुढे काहीच नाही. जपानचे दौरे मिळाले असते. ते काही आठवड्यांचे असतात, वर्षाचं घर त्यावर चालत नाही. मॅनेजरने स्वतःची कंपनी काढली ती टेनेसीतल्या नॉक्सव्हिलला, पण 1991 च्या अखेरीस. म्हणजे बाहेर पडणाऱ्याने निदान वर्षभर वाऱ्यावर राहायची तयारी ठेवायला हवी होती. गड्याला बायको होती, मुलं होती.

दुसरा पर्याय, राहून नाव टिकवायचं आणि नवा जोडीदार मागायचा. 1987 मध्ये हे जमलं होतं. पण तेव्हा बाजू मांडणारा मॅनेजर सोबत होता. आता अधिकाऱ्यांच्या खोलीत जाऊन 'हे नाव माझं आहे, मला अमुक माणूस द्या' असं म्हणणं ज्याच्या स्वभावात नाही, त्यानेच ते म्हणायला हवं होतं.

तिसरा पर्याय, राहून एकट्याने लढायचं. कंपनीला हा सोयीचा: करार चालू, माणूस भरवशाचा, वर कुठे जागा झाली तर वापरता येईल, नाही तर नव्या पोरांना हरून देईल.

काय केलं

गडी राहिला, आणि एकट्याने लढू लागला. त्याचे जुने साथीदार याबद्दल त्याच्यावर कधी रुसले असं मला कुठे दिसलेलं नाही; पुढची हकीकतही तेच सांगते. पदरात संसार असताना हमीचा पगार सोडू नये, हा हिशेब त्यांनाही कळत होता. गड्याच्या जागी मी असतो तर मीही राहिलो असतो.

सुरुवातीचे महिने रिकामे गेले. ज्याचा आयुष्यभर राग केला त्या माणसाला लोकांनी अचानक नायक म्हणून स्वीकारावं, अशी कंपनीची अपेक्षा होती. लोकांनी ते खरोखर केलं, त्याच्या हाताच्या गुणावर. 19 मे 1991 रोजी फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गला त्याने आर्न अँडरसनला हरवून टेलिव्हिजन किताब घेतला. पुढच्या महिन्यात नॉक्सव्हिलला, टीव्हीवरून देशभर दाखवल्या गेलेल्या कार्यक्रमात, त्याला थेट जगज्जेत्या रिक फ्लेअरसमोर उभं केलं. तीन डावांची कुस्ती. पहिला डाव गड्याने घेतला, वरच्या दोरावरून तोच पाय टाकून. त्या क्षणाचं चित्रीकरण पाहताना अजून अंगावर काटा येतो. पंधरा वर्षं दुसऱ्यांसाठी स्फोट बांधणाऱ्या माणसासाठी त्या रात्री लोक स्वतःहून उभे राहिले होते. कुस्ती अर्थात फ्लेअरने जिंकली.

टेलिव्हिजन किताब त्याआधीच, 3 जूनला, गेला होता. पट्टा हातात राहिला पंधरा दिवस. घेणारा होता स्टीव्ह ऑस्टिन नावाचा कंपनीत नवा आलेला उमदा पोरगा. तो पुढे काय झाला हे सांगायला नको.

इथे दुसरा निर्णयाचा क्षण येतो, आणि तो गड्याचा नसून कंपनीचा आहे. फ्लेअरसमोरच्या रात्रीनंतर दोन वाटा होत्या. एक, एकट्याच्या वाटेवर त्याला आणखी वर्षभर चालू द्यायचं. पण त्याला बोलावं लागलं असतं. दुसरी, त्याला परत त्याच्या मूळ कामावर आणायचं. 1991 च्या नोव्हेंबरात दुसरी वाट निवडली गेली. पॉल ई. डेंजरसली या दुसऱ्याच एका मॅनेजरच्या डेंजरस अलायन्स या गटात तो गेला: रिक रूड, ऑस्टिन, लॅरी झ्बिस्को, अँडरसन आणि गडी. बोलणारा माणूस पुन्हा मिळाला. 16 जानेवारी 1992 रोजी अँडरसनसोबत त्याने डब्ल्यूसीडब्ल्यूचा जागतिक टॅग टीम किताब घेतला, रिकी स्टीमबोट आणि डस्टिन रोड्स यांच्याकडून. अँडरसन आणि गडी, दोघेही खलनायकीत मुरलेले, दोघेही दुसऱ्याला मोठं करण्यात वाकबगार. हीच जोडी नोव्हेंबर 1990 मध्ये लावता आली असती, असं मला राहून राहून वाटतं.

मे 1992 मध्ये किताब स्टायनर बंधूंकडे गेला. त्याच महिन्यात जॅक्सनव्हिलला दोन पिंजराबंद रिंगांतली पाच विरुद्ध पाच अशी वॉरगेम्स झाली. त्यात झ्बिस्कोच्या हातची लोखंडी सळई चुकून गड्याला लागते आणि समोरच्या गटातल्या स्टिंगच्या पकडीत तो हार मानतो. पाचांपैकी हार कोणी मानायची, हा प्रश्न बुकरला, म्हणजे निकाल ठरवणाऱ्याला, फार वेळ पडला नसावा. रूड आणि ऑस्टिन यांना जपायचं होतं. आणि हार मानताना ती खरी दिसायला हवी होती, त्यासाठी गड्यासारखा माणूस नव्हता.

मग आला सर्वांत विचित्र योग. त्याच सुमारास कंपनीची सूत्रं आली बिल वॉट्सकडे, ज्याच्या इलाख्यात 1983 मध्ये ही जोडी लागली होती त्याच वॉट्सकडे. वॉट्सला कुस्ती जुन्या शिस्तीची हवी होती. त्याने वरच्या दोरावरून उडी मारण्यावर बंदी घातली. मारली की मल्ल बाद. गड्याचा हुकमी डाव वरच्या दोरावरूनच होता. ज्या माणसाने त्याला मोठी संधी दिली, त्याच्याच नियमाने त्याचं सर्वांत धारदार हत्यार काढून घेतलं. यात वैर नव्हतं. नियम करताना कोणाचं काय जाईल याची यादी कोणी केली नाही, एवढंच. तरुण, उडणाऱ्या ब्रायन पिलमनचं नुकसान सगळ्यांना दिसलं, त्यावर बोललंही गेलं. गड्याचं नुकसान कोणी मोजलं नाही.

काय झालं

1993 च्या सुरुवातीला गडी नॉक्सव्हिलला जुन्या मॅनेजरच्या स्मोकी माउंटन रेसलिंगमध्ये दिसतो. लहान शाळांची सभागृहं, जत्रेची मैदानं, पण प्रेक्षक जुन्या चालीची कुस्ती समजणारा. दुसरा जोडीदारही तिथेच होता, वेगळ्या जोडीत. काही महिने तिघे पुन्हा एका बाजूला आले. पण ती कंपनी डब्ल्यूसीडब्ल्यूइतका पैसा देऊ शकत नव्हती, आणि त्याच वर्षी गडी परत गेला. दुसरा जोडीदार रिंग सोडून समालोचनाकडे वळला. मॅनेजरची कंपनी 1995 मध्ये बंद पडली. एकट्या पगाराच्या हिशेबाने पाहिलं तर 1990 चा निर्णय इथवर बरोबर ठरतो.

1995 मध्ये त्याला आणखी एक जोडी मिळाली. इंग्लंडहून आलेला, सरदारी थाटाचा लॉर्ड स्टीव्हन रीगल या अलाबामाच्या गड्याला उमराव बनवायला घेतो. त्याला चहा कसा प्यायचा, कसं बोलायचं हे शिकवतो, आणि गडी 'अर्ल' म्हणून रिंगमध्ये येतो. ही जोडी मला मनापासून आवडते. रीगल जितका ताठ, तितका गडी गोंधळलेला. आणि घंटा वाजली की दोघांची कुस्ती अव्वल दर्जाची. किताब त्यांना मिळाला नाही. पुढची वर्षं शनिवारच्या कार्यक्रमात नवोदितांसमोर उभं राहण्यात गेली. नवं पोर टीव्हीवर पहिल्यांदा येणार असेल तर त्याच्यासमोर कोणाला ठेवायचं, याचं उत्तर बहुतेक वेळा गडी असायचं. 2000 मध्ये त्याला कंपनीतून कमी केलं. 2001 च्या मार्चमध्ये डब्ल्यूसीडब्ल्यूच डब्ल्यूडब्ल्यूएफला विकली गेली.

चोवीस वर्षांत हा माणूस सलग बेकार असा फार थोडा काळ राहिला. फिरत्या मल्लासाठी ही लहान गोष्ट नाही. पण अमेरिकेत मल्ल नोकर धरला जात नाही, स्वतंत्र कंत्राटदार धरला जातो. पेन्शन नाही, आरोग्य विमा कंपनीचा नाही, आणि अंगावर साचलेल्या हजारो पडण्यांचा हिशेब ज्याचा त्याच्याकडे.

वेगळं काय करता आलं असतं

राहण्याचा निर्णय मी चुकीचा मानत नाही. राहताना काय मागितलं, याबद्दल मात्र मला बोलायचं आहे.

ऑक्टोबर 1990 मध्ये कंपनीची एक प्रसिद्ध जोडी फुटली होती आणि दोघे जण रागाने बाहेर पडले होते. तिसराही गेला असता तर कंपनीचं हसं झालं असतं. म्हणजे त्या दोन-तीन आठवड्यांत गड्याच्या शब्दाला जेवढं वजन होतं, तेवढं आधीही नव्हतं आणि नंतरही आलं नाही. त्या वेळी मागता येण्यासारख्या गोष्टी होत्या. जोडीचं नाव आणि नवा जोडीदार निवडताना आपलं मत, ही एक. त्याहून मोठी, रिंगमधून उतरल्यावरचं काम: कुस्त्या रचून देणाऱ्या एजंटचं किंवा प्रशिक्षकाचं, करारात लिहून घेतलेलं. पुढे कित्येकांना दुसऱ्या कंपन्यांत अशा नोकऱ्या मिळाल्या, आर्न अँडरसनलाही. दुसऱ्याला उत्तम दिसू देण्याचं कसब हेच तर एजंटचं काम. ते काम गडी 1976 पासून करत होता. त्याला नाव आणि पगार कधी लागला नाही.

त्याने मागितलं नाही, किंवा मागितलं तरी ते घडलेलं दिसत नाही. त्याच्या मवाळपणाबद्दल सहकारी भरभरून बोलतात. प्रवासात कोणी दात घासायचा ब्रश विसरला, कोणाला टाचणी हवी झाली, तर गड्याच्या पिशवीत ती हमखास असायची, असं सांगतात. ज्या स्वभावामुळे सगळ्यांना त्याच्याबरोबर काम करावंसं वाटायचं, तोच स्वभाव वाटाघाटीत आड आला. स्वभाव बदल म्हणणं सोपं आहे. मी ते म्हणणार नाही. पण बोलणारा माणूस रिंगमध्ये जसा लागत होता, तसाच करार करतानाही लागत होता, आणि मॅनेजर गेल्यावर त्या खुर्चीत कोणी बसलं नाही. एखादा वकील, एखादा जुना मल्ल, कोणीही चाललं असतं.

बोलायला शिकता आलं असतं का? थोडंफार, हो. उमराव झालेल्या गड्याला बघितलं की पटतं. तिथे तो फार बोलत नाही, पण चेहऱ्याने, चुकीच्या जागी उचललेल्या कपाने हसवतो. म्हणजे गप्प राहूनही पात्र उभं करता येत होतं. 1991 मध्ये एकट्याने लढताना त्याला असं पात्रच कोणी दिलं नाही. 'चांगला मल्ल' एवढीच ओळख देऊन सोडून दिलं, आणि पंधरा दिवसांचा पट्टा दिला.

कंपनीच्या बाजूने पाहिलं तर नुकसान तिचंही झालं. पुढच्या काही वर्षांत डब्ल्यूसीडब्ल्यूने धिप्पाड देह गोळा केले आणि टॅग टीम म्हणजे दोन रिकामे मल्ल एका कोपऱ्यात उभे करणं, असं समजू लागली. जोडी कशी लावायची आणि लागलेली कशी टिकवायची हे ज्याला हाताने माहीत होतं, तो माणूस त्यांच्याच पगारावर, शनिवारच्या कार्यक्रमात पाच-पाच मिनिटांच्या कुस्त्या हरत होता.

कंपनीतून सुटल्यावर गडी गावोगावच्या लहान कार्यक्रमांतून लढत राहिला. त्यातल्या बऱ्याच रात्री 1987 मध्ये न सांगता निघून गेलेला पहिला जोडीदार त्याच्यासोबत होता. काही रात्री दुसराही यायचा. तेव्हा पोस्टरवर जुनंच नाव असायचं, आणि कोपऱ्यात दोघांऐवजी तिघे उभे राहायचे. समोर पुष्कळदा मॉर्टन आणि गिब्सन असत. गडी 2021 मध्ये वारला, बासष्टाव्या वर्षी.